ल्हासाची यात्रेकरीण

मंडळाच्या चिटणीसबाईंनी यंदा स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. आजवर मंडळात मी फराळाचा हिशोब लिहिला, हळदीकुंकवाच्या याद्या केल्या. त्यापलीकडे कधी लेखणी धरली नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात बुधवारची बैठक संपल्यावर मी ज्या बाईंची हकीकत थोडी थोडी सांगत असे, तीच लिहून द्या असा सर्वांचा आग्रह पडला. म्हणून हा हिय्या करीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

ही हकीकत माझ्यापर्यंत कशी आली तेही सांगितले पाहिजे. माझी धाकटी मुलगी कॉलेजात आहे. हिमालयात गिर्यारोहण शिकविण्याचा महिनाभराचा वर्ग असतो, त्याला जायचे तिच्या मनात आले. अर्जावर पालकांची सही लागत होती. आमच्या घरच्यांनी तो अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि तुझे तूच ठरव म्हणून मोकळे झाले. मी साफ नाही म्हटले. बर्फ, दरड, परकी माणसे. एवढी वाढविलेली मुलगी तिकडे कशाला पाठवायची? तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून एक जाड इंग्रजी पुस्तक आणले आणि रात्री मी तांदूळ निवडीत बसले की ती त्यातले मराठीत सांगू लागली. तिचा हा कावा माझ्या लक्षात यायला तीन रात्री लागल्या. तोवर मी त्या गोष्टीत पुरती गुंतले होते.

त्या बाईंचे नाव अलेक्झांड्रा डेव्हिड-नील. जन्म २४ ऑक्टोबर १८६८, फ्रान्समध्ये पॅरिसजवळच्या सँ-मांदे या गावी. वडील शिक्षक आणि पत्रकार, आई बेल्जियमची. आईवडिलांचे आपसात फारसे पटत नसे आणि घरात एकुलती एक मुलगी. तिला लहानपणापासून घराबाहेर पळण्याचे वेड. पाच वर्षांची असताना दाईचा डोळा चुकवून ती रानासारख्या मोठ्या बागेत शिरली, तिथून तिला शोधून आणावे लागले. पुढे सतरा वर्षांची झाल्यावर कोणाला न सांगता आगगाडीने स्वित्झर्लंडला गेली आणि तिथून आल्प्सची खिंड पायी ओलांडून इटलीत उतरली. पैसे संपले तेव्हा आईला जाऊन तिला आणावे लागले. आपल्याकडे अशा मुलीचे पाय बांधण्यासाठी लगेच स्थळे पाहू लागले असते. त्यांच्याकडेही आईला वाटत होते की मुलीने कापडाच्या दुकानात बसून चार पैसे मिळवावेत.

पॅरिसमध्ये गिमे नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. तिथे पूर्वेकडच्या देशांतील मूर्ती आणि ग्रंथ ठेवलेले आहेत. तिथल्या वाचनाच्या दालनात बसून या मुलीला हिंदुस्थान, चीन, तिबेट यांची ओढ लागली. ती संस्कृत शिकू लागली. नंतर थोडा वारसा हाती आला, तो तिने दागिन्यात घातला नाही की बँकेत ठेवला नाही. १८९१ मध्ये त्या पैशावर ती सिलोनला आणि हिंदुस्थानात आली, आणि पैसा संपला तेव्हाच परतली.

मग पोटाचा प्रश्न आला. तिचा गळा चांगला होता. ती संगीत नाटकांतून गाऊ लागली. व्हिएतनाममधील हनोईच्या नाटकगृहात तर ती मुख्य गायिका होती. पुढे आफ्रिकेतील ट्युनिस या शहरी फिलिप नील नावाच्या रेल्वेच्या इंजिनियराशी तिची ओळख झाली आणि १९०४ मध्ये दोघांनी लग्न केले. त्या वेळी तिचे वय छत्तीसच्या घरात होते. घर मोठे, नोकरचाकर, नवरा सुस्वभावी. पण बाईंचे मन तिथे रमेना. त्या आजारी पडू लागल्या. औषधाने गुण येणारे ते दुखणे नव्हते. घर चारी बाजूंनी अंगावर येते म्हणजे काय, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. फक्त आपण त्याला डोकेदुखी म्हणतो.

१९११ च्या ऑगस्टात त्या हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाल्या. दीड वर्षात परत येते असे नवऱ्याला सांगितले होते. आल्या त्या चौदा वर्षांनी.

हे मी मंडळात सांगितले तेव्हा किती गलका झाला, तो तुम्हांला आठवतच असेल. एक वहिनी तर म्हणाल्या की असल्या बाईचे कौतुक ऐकायला मी येणार नाही. त्यांचे मला पूर्ण चूक वाटत नाही. फिलिपरावांबद्दल मलाही वाईट वाटते. परंतु दोन गोष्टी सांगायच्या आहेत. बाई जिथे असतील तिथून नवऱ्याला लांबच लांब पत्रे लिहीत. गुहेतून, मठातून, तंबूतून. आणि तो गृहस्थ रागावत असे, परत ये म्हणून लिहीत असे, पण वर्षानुवर्षे पैसे पाठवीत राहिला आणि तिचे प्रत्येक पत्र जपून ठेवीत राहिला. बाईंच्या मरणानंतर ती पत्रे छापून निघाली. याला संसार म्हणायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. मी त्या नवऱ्याच्या जागी असते तर पैसे पाठविले नसते, एवढे मात्र खरे.

हिंदुस्थानात उतरल्यावर बाई दक्षिणेतून पाँडेचेरीला गेल्या, तिथे अरविंदबाबूंना भेटल्या, पुढे कलकत्ता करून १९१२ मध्ये सिक्कीमला पोचल्या. तेरावे दलाई लामा त्या वेळी तिबेट सोडून कालिंपाँगला राहिले होते. बाईंनी त्यांची भेट घेतली. तिबेटी भाषा शिका, असा सल्ला त्यांनी दिला आणि बाईंनी तो मनावर घेतला. मधल्या काळात काशीला राहून वेदान्ताचाही अभ्यास झाला. पुढे सिक्कीमच्या उत्तरेस लाचेन गावच्या वर एक वृद्ध तपस्वी लामा गुहेत राहत, त्यांच्या शिष्या होऊन बाई तिथेच राहिल्या. उंची सुमारे १३,००० फूट. गुहेला पुढून फळ्या ठोकून खोली केलेली. हिवाळ्यात बर्फाने वाट बंद झाली की महिनोन् महिने खालच्या जगाशी संबंध नाही. तिथे त्या तिबेटी भाषा शिकल्या, ध्यानधारणा शिकल्या, आणि श्वासाच्या जोरावर अंगात ऊब आणण्याची तुमो नावाची विद्याही शिकल्या. या विद्येचा पुढे एकदा उपयोग झाला, तो सांगेनच.

याच काळात योंगदेन नावाचा पंधरा वर्षांचा सिक्कीमी मुलगा त्यांच्याकडे कामाला लागला. या मुलाचे नाव लक्षात ठेवा. पुस्तकांवर बाईंचे नाव मोठ्या अक्षरांत असते, पण माझ्या मते या साऱ्या प्रवासाचे निम्मे श्रेय त्याचे. तो ओझी वाही, भिक्षा मागे, स्वयंपाक करी, आणि बाईंचा तापट स्वभावही सोशी. चाळीस वर्षे त्याने त्यांना सोडले नाही.

तिबेटात त्या वेळी परदेशी माणसाला प्रवेश नव्हता. आत तिबेटी सरकार येऊ देत नसे आणि बाहेर इंग्रज सरकार जाऊ देत नसे. १९१६ मध्ये बाई परवानगी न काढताच सीमा ओलांडून शिगात्सेला गेल्या. तिथे पंचेन लामांनी त्यांचा आदराने सत्कार केला. परत येताच इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांना सिक्कीममधून निघून जाण्याचा हुकूम केला. बाईंना त्याचा संताप आला. माझ्या मुलीचे म्हणणे असे की ल्हासाला जायचेच ही जिद्द त्या हुकमातून आली. जा म्हटले असते तर कदाचित त्या गेल्याही नसत्या. हे सांगताना ती माझ्याकडे टक लावून पाहत होती.

युरोपात पहिले महायुद्ध चालले होते, त्यामुळे घरी परतण्याची सोय नव्हती. बाई आणि योंगदेन जपानला गेले. तिथे कावागुची नावाचे एक बौद्ध भिक्षू त्यांना भेटले, ते पूर्वी वेष पालटून ल्हासात राहून आले होते. म्हणजे हे होऊ शकते, याचा जिवंत पुरावाच समोर आला. मग कोरिया, पेकिंग, आणि तिथून चीनच्या पश्चिमेस कुंबुमचा मोठा मठ. तिथे अडीच वर्षे राहून बाईंनी तिबेटी पोथ्या वाचल्या. नंतर पुन्हा भटकंती. ल्हासाच्या दिशेने जाण्याचे प्रयत्न त्यांनी आणखीही केले, पण दर वेळी कोठेतरी अधिकाऱ्यांनी ओळखून मागे फिरवले. बाईंच्या लक्षात आले की तंबू, घोडे, खेचरे, नोकर असा लवाजमा घेऊन चोरून जाता येत नाही. जायचे तर काहीच न घेता जायचे.

१९२३ च्या ऑक्टोबरअखेर चीनमधील युनान प्रांतातून त्या निघाल्या. जवळच्या एका पाद्र्याला रानातील वनस्पती गोळा करायला जाते असे सांगितले. मग हमालांना काही ना काही निमित्त काढून वाटेला लावले आणि रात्र पडल्यावर दोघेच डोंगर चढू लागले. योंगदेन झाला गरीब लामा आणि बाई झाल्या त्याची म्हातारी आई, तीर्थयात्रेला निघालेली. या वेळी बाईंचे वय पंचावन्न वर्षांचे होते.

वेष कसा केला, हे ऐकताना आम्ही मायलेकी पोट धरून हसलो. केसांना चिनी काळी शाई फासली. याकच्या केसांच्या लांब वेण्या करून त्यांत गुंफल्या. गोरा चेहरा लपवायला कोको आणि कुटलेला कोळसा यांची भुकटी तोंडाला लावली. हात धुतले की गोरे दिसायचे, म्हणून भांड्याच्या बुडाची काजळी हातांना चोळायची. भांडी घासताना आपण जी काजळी काढून टाकतो, तिने या बाईंचा जीव वाचविला! अंगावरच्या जाड मळकट कपड्यांखाली मात्र पैशांचा पट्टा, लहानसे होकायंत्र आणि एक पिस्तूल. नकाशाचे तुकडे लपविलेले. बरोबर एक भांडे, थोडे सातूचे पीठ, चहा, लोणी आणि मीठ. तिबेटात भाजलेल्या सातूचे पीठ चहात कालवून खातात, त्याला त्साम्पा म्हणतात. चहात साखर नाही, लोणी आणि मीठ. पांघरूण म्हणून एक लहानसा कापडी तंबू, तोही फार वेळा उभारायचा नाही, कारण भिकाऱ्यांकडे तंबू कुठला असणार?

माझ्या सासूबाई पंढरीची वारी पायी करीत. त्या म्हणत की वाटेवरच्या म्हाताऱ्या वारकरणीकडे कोणी निरखून पाहत नाही. भाकरी देतात, पायही पडतात, पण चेहरा कोणाच्या लक्षात राहत नाही. अलेक्झांड्राबाईंनी नेमके हेच हेरले होते. राजवाड्यात पाहुणी म्हणून राहिलेली ही विदुषी आता लोकांच्या दारात खाली जमिनीवर बसे, मुलाने हुकूम सोडला की उठून भांडे घाशी, आणि लोक तिच्यादेखत बिनदिक्कत आपल्या घरच्या गोष्टी बोलत. पूर्वीच्या प्रवासात जे दिसले नव्हते ते यामुळे दिसले, असे त्यांनी पुढे लिहिले आहे.

वाटेत एके ठिकाणी पायवाटेवर एक केसाळ टोपी पडलेली दिसली. योंगदेन म्हणाला की वाटेत पडलेली टोपी उचलणे अपशकुनाचे. बाईंनी ती उचलून ठेवली. तिकडच्या प्रांतातल्या बायका तशाच टोप्या घालीत. पुढे थंडीत तिचा आसरा झालाच, पण केसांची उडालेली शाई आणि चेहऱ्याची ठेवण लपवायलाही तीच कामी आली.

गावोगाव लोक लामा आला म्हणून योंगदेनला भविष्य विचारीत. जनावर हरवले आहे, कुठे सापडेल? आजारी माणूस उठेल का? एका यात्रेकरूच्या मुलीचे पाय चालून चालून सुजले होते आणि बापाला पुढे जाण्याची घाई होती. योंगदेनने माळ ओढून गंभीरपणे सांगितले की अमुक दिवस थांबून स्तूपापाशी विधी करा, मगच पाय बरे होतील. म्हणजे पोरीला विश्रांती मिळाली आणि देवाचा शब्दही राहिला. त्याचा हा शहाणपणा मला फार आवडला.

खाण्याचे हाल तर विचारूच नका. एका घरी मोठ्या आग्रहाने जनावराच्या कोठ्यात भरून ठेवलेली, आंबलेली काळीज-आतडी शिजवून समोर आणली. भिकाऱ्याने मांस नाकारले तर संशय यायचा. बाईंनी पोटात दुखल्याचे सोंग घेतले आणि कण्हत कोपऱ्यात पडून राहिल्या. बिचाऱ्या योंगदेनला मात्र ती वाटी संपवावी लागली. वर आई आजारी आहे म्हणून घरच्यांनी त्याच्या वाटीत जास्तच वाढले.

एका नदीवर पूल नव्हता, दोन काठांना बांधलेला कातड्याचा दोर होता. आकड्याला माणूस अडकवायचे आणि पलीकडच्यांनी ओढून घ्यायचे. बाईंना एका तिबेटी मुलीबरोबर एकत्र बांधले. निम्म्यात आल्यावर ओढण्याचा दोर तुटला. खाली खवळलेले पाणी, आणि दोघी मधोमध लोंबकळत. ती मुलगी घाबरून वर पाहत सारखी सांगे की आपल्याला बांधलेला पट्टा सुटत आहे. बाईंनी तिला डोळे मिटून घ्यायला सांगितले. पट्टा पक्का आहे, असे छातीठोकपणे सांगितले आणि स्वतः मनात किती वेळ तो टिकेल याचा हिशोब करीत राहिल्या. शेवटी एक माणूस त्या दोरावरून हातापायांनी लोंबकळत आला आणि दोर जोडून त्यांना पलीकडे घेऊन गेला.

दरोडेखोरही भेटले. पो नावाच्या मुलखात सात जणांनी गाठले आणि योंगदेनजवळचे दोन रुपये काढून घेतले. पुढे गाठोडी उघडली असती तर परदेशी वस्तू दिसल्या असत्या, आणि मग जीवही गेला असता. बाईंनी पिस्तुलाला हात लावला नाही. त्यांनी मोठ्याने रडून आक्रोश मांडला आणि तिबेटातील यच्चयावत उग्र देवदेवतांची नावे घेऊन असे भयंकर शाप द्यायला सुरुवात केली की दरोडेखोरांना कापरे भरले. त्यांनी दोन रुपये परत दिले, शाप मागे घे म्हणून विनविले. नावे तोंडपाठ होती, हा पोथ्या वाचल्याचा फायदा!

एका रात्री उंच खिंड ओलांडल्यावर अंधारात मुक्काम केला. गारगोटी आणि पेटवायचे शेवाळ ओले झालेले, विस्तव पेटेना. अशा थंडीत विस्तवाशिवाय रात्र म्हणजे मरणच. बाईंनी योंगदेनला ऊब राहावी म्हणून हिंडून शेण आणि काटक्या गोळा करायला पाठविले. स्वतः ती गारगोटी आणि शेवाळ कपड्यांच्या आत अंगाशी धरून लाचेनच्या गुरूंनी शिकविलेली तुमोची धारणा लावून बसल्या. अंगात ऊब आली, शेवाळ सुकले, आणि ठिणगी धरली. हे कसे झाले ते मला समजत नाही. डॉक्टर मंडळींनी अलीकडे या विद्येची तपासणी केली आहे आणि अशा साधकांच्या बोटांची ऊब वाढते हे १९८२ मध्ये छापूनही आले आहे, असे मुलीने सांगितले.

मग आला तो सगळ्यात वाईट प्रसंग. योंगदेन घसरून पडला, पाय मुरगळला. बर्फ सारखे पडत होते. त्याला धड चालता येईना, बाईंना त्याला वाहून नेता येईना. पीठ संपले. गुहेत बसून राहिले. शेवटी बुटांना चोपडायला ठेवलेला चरबीचा तुकडा आणि बुटांच्या तळव्यांसाठी आणलेली चामड्याची शिल्लक भांड्यात टाकून उकळली आणि ते पाणी प्याले.

इथे मी मुलीला पुस्तक मिटायला सांगितले. दोन दिवस उघडू दिले नाही. आपल्या मुलीने चामडे उकळून प्यावे असे कोणत्या आईला वाटेल? तिसऱ्या रात्री मीच विचारले की पुढे काय झाले. ते उतरले हो खाली, लंगडत लंगडत. काठीचा आधार करून, पडत उठत, एका गोठ्यासारख्या झोपडीपर्यंत पोचले आणि तिथल्या माणसांनी त्यांना गरम काहीतरी प्यायला दिले.

सुमारे चार महिने चालून १९२४ सालच्या सुरुवातीला, तिबेटी नववर्षाच्या सुमारास, दोघे ल्हासाला पोचले. दलाई लामांचा पोताला राजवाडा दूरवरून दिसू लागला आणि तेवढ्यात असे धुळीचे वादळ उठले की समोरचे माणूस दिसेना. त्या धुळीतून दोघे शहरात शिरले, कोणी हटकले नाही. राहायला जागा कुठे मिळणार या विवंचनेत असताना एक अनोळखी बाई आपण होऊन पुढे आली आणि तिने भिकाऱ्यांच्या वस्तीत एक खोली दाखविली. त्या खोलीतून पोताला समोर दिसत होता! ल्हासात पोचलेली ही पहिली युरोपीय स्त्री.

दोन महिने त्या तिथे राहिल्या. नववर्षाचा मोठा उत्सव पाहिला, लोण्याच्या मूर्तींची आरास पाहिली, मिरवणुका पाहिल्या. गर्दीत एका शिपायाने त्यांना दंडुका हाणला. बाईंना त्याचा एवढा आनंद झाला की त्याला बक्षीस द्यावेसे वाटले, कारण सोंग पक्के वठले आहे याची ती पावतीच होती. पोताला पाहायला गेल्या, तेव्हा दारावरच्या एका पोराने ती केसाळ टोपी काढायला लावली. शाई केव्हाच उडालेली, खाली मूळचे केस आणि त्यांत काळ्या वेण्या. काय ध्यान दिसत असेल! लोक हसले, पण ओळखले कोणी नाही.

बाजारातला प्रसंग तर मी मंडळात दोनदा सांगितला आहे. एक शिपाई बाईंकडे रोखून पाहू लागला. पळावे तर पकडल्या जातील. त्यांनी समोरच्या दुकानातले एक अॅल्युमिनियमचे पातेले उचलले आणि खेडवळ बाईसारखी आरडाओरड करून घासाघीस मांडली. भाव असा वेडावाकडा मागितला की दुकानदारांची हसून मुरकुंडी वळली. शिपायालाही हसू आले आणि तो निघून गेला. पातेले घेऊन बाई घरी. आपल्या मंडळातील कोणालाही हे शिकवावे लागले नसते.

परतीच्या वाटेवर ग्यांत्से येथे इंग्रजांचे ठाणे होते. तिथे जाऊन बाईंनी आपण कोण आणि कुठून आलो ते सांगितले, तेव्हा तिथली माणसे अवाक झाली. १९२५ मध्ये त्या फ्रान्सला परतल्या. त्यांचे नाव सर्वत्र झाले होते. १९२७ मध्ये ल्हासाच्या प्रवासाचे पुस्तक निघाले. पदके मिळाली, व्याख्याने झाली. दिन्य गावी त्यांनी घर घेतले आणि त्याला तिबेटी नाव ठेवले, साम्तेन झोंग. योंगदेनला त्यांनी कायद्याने दत्तक घेतले. नवऱ्याशी पुन्हा एकत्र संसार झाला नाही, पत्रे मात्र चालू राहिली. १९३७ मध्ये वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी त्या पुन्हा चीनला गेल्या आणि युद्धात सापडून कित्येक वर्षे तिकडेच अडकल्या. १९४१ मध्ये फिलिप नील वारले, ती बातमी त्यांना तिकडेच तारेने कळली. लिहायला आता कोणी उरले नाही असे त्यांना वाटले असेल का? मला तरी वाटले.

याच ठिकाणी मी मुलीला म्हटले की अर्ज आण. सही केली. अट एकच घातली, की जिथे फोन लागणार नाही तिथून पत्र लिहायचे, पोस्टात पडेल तेव्हा पडो. ती गेली, महिना झाला, आली. नाकाची साल निघाली होती आणि दोन पत्रे तिच्यामागून आठ दिवसांनी पोचली. ती मी ठेवली आहेत.

योंगदेन १९५५ मध्ये अचानक गेला. बाई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या. संधिवाताने पाय गेले होते, दोन काठ्यांनी चालत, पण लिहिणे थांबले नाही. शंभर वर्षे पुरी झाली त्या सुमारास त्यांनी सरकारी कचेरीतून आपला पासपोर्ट नवा करून घेतला. ८ सप्टेंबर १९६९ रोजी दिन्यच्या घरी त्या वारल्या. त्यांची अस्थिरक्षा आणि योंगदेनची अस्थिरक्षा त्यांच्या चिटणीसबाईंनी १९७३ मध्ये काशीला आणून गंगेत सोडली.

पुस्तक ग्रंथालयाला परत गेले. मुलीने मराठीत उतरून घेतलेली वही मात्र मंडळाच्या कपाटात वरच्या कप्प्यात ठेवली आहे. नेणाऱ्या भगिनींनी रजिस्टरमध्ये नाव लिहावे आणि पंधरा दिवसांत परत आणावी.